बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ पेगूच्या सागवनात काय शिकले

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, वनसेवेच्या परीक्षेची तयारी करताय आणि अभ्यासात डीट्रिश ब्रँडिस यांचं नाव आल्यावर अडलात. जर्मनीत वनस्पतिशास्त्र शिकवणारा, वनशास्त्राची पदवी नसलेला माणूस १८६४ मध्ये भारताचा पहिला वन महानिरीक्षक कसा झाला, त्यांचं शिक्षण नेमकं कुठे झालं, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ आहे: "नुसती झाडं ओळखता येऊन वनखात्यात काही उपयोग होतो का?"

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळच आहे. आपल्याजवळ जे शिक्षण आहे ते पुरेल का, ही काळजी त्यामागे आहे. ब्रँडिस यांची गोष्ट त्यासाठी फार उपयोगी पडते, कारण तेही असेच वनस्पतिशास्त्राची शिदोरी घेऊन जंगलात उतरले होते आणि ती शिदोरी कुठे पुरली, कुठे संपली, हे त्यांच्या बाबतीत स्पष्ट दिसतं.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. वनक्षेत्रपाल म्हणून लागलो, सहायक वनसंरक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली ३३ वर्षं आलापल्ली, मेळघाट आणि शहापूर-जव्हारच्या डोंगरांत गेली. इतिहास हा माझा विषय नाही. पण ब्रँडिस यांनी या देशात रुजवलेल्या पद्धतीच्या पोटातून आलेली कामं मी हातांनी केली आहेत. झाडं मोजली, कूप (तोडीसाठी ठरवलेले जंगलाचे तुकडे) आखले, तोडायच्या झाडांवर मार्किंगचा हातोडा मारला, थुटं (तोडलेल्या झाडांचे बुंधे) मोजली. त्यामुळे त्यांचं कुठलं शिक्षण कामाला आलं असेल, हे मी माझ्या कामावरून ताडतो. तुम्ही भारतीय वनसेवेतून येणार की राज्यसेवेतून, पहिली नेमणूक सागाच्या विभागात होणार, व्याघ्र प्रकल्पात की सामाजिक वनीकरणात, यावर तुमच्या बाबतीत बरंच काही बदलेल. ते लक्षात ठेवून पुढचं वाचा.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ चा, बॉनमधला. वडील क्रिस्टियान ऑगस्ट ब्रँडिस तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसचा राजा ओटो याने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं, तेव्हा हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल. दोनेक वर्षं तो अथेन्समध्ये राहिला. पुढे कोपनहेगन, गॉटिंगन आणि बॉन इथे शिक्षण झालं. १८४८ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८४९ पासून ते बॉनच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पंचविशीतच प्राध्यापकीची सरळ वाट समोर होती. सागाचं जंगल त्यांच्या स्वप्नातही नसावं.

या शिक्षणाने त्यांना काय दिलं? ज्ञानापेक्षाही एक सवय दिली, असं मी म्हणेन. हे झाड कोणतं, असा प्रश्न पडला की अंदाजाने नाव ठोकून द्यायचं नाही. फांदी तोडायची, पान, फूल, फळ बघायचं, नमुना दाबून वाळवायचा, त्यावर जागा आणि तारीख लिहायची आणि दुसऱ्याला पडताळता येईल असं उत्तर द्यायचं. ही सवय तुमच्यातही असणार. तिची किंमत तुम्हाला आज कळणार नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांनाच ती असते. जंगलखात्यात आल्यावर कळेल.

मग हा माणूस भारतात आला कसा? इथे सरळ सांगायला हवं, की गुणवत्तेइतकीच ओळखही कामाला आली. १८५४ मध्ये त्यांनी रेचेल मार्शमन यांच्याशी लग्न केलं. रेचेल म्हणजे श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांची मुलगी. हे श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या काठचं. रेचेल यांचे पहिले पती योआखिम फोग्ट हे डॅनिश डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते, श्रीरामपूरच्या वनस्पती-उद्यानाशी जोडलेले. रेचेल यांची बहीण हॅना सेनाधिकारी हेन्री हॅवलॉक यांची पत्नी. अशा नात्यागोत्यातून ब्रँडिस यांचं नाव गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्यापर्यंत गेलं आणि १८५६ मध्ये पेगूच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

पेगू म्हणजे खालचा ब्रह्मदेश. १८५२ च्या युद्धानंतर इंग्रजांनी तो घेतला होता. ब्रह्मी राजांच्या काळी साग राजाच्या मालकीचा मानला जाई, तो हक्क नव्या सरकारने जसाच्या तसा उचलला. जहाजांना साग हवा होता आणि लाकूडव्यापाऱ्यांना जंगल मोकळं हवं होतं. ३ ऑगस्ट १८५५ रोजी डलहौसी यांच्या सरकारने वनांविषयी धोरण म्हणता येईल असं एक टिपण काढलं. ब्रँडिस यांच्याआधी त्या जागेवर जॉन मॅक्लेलँड हे डॉक्टर होते. त्यांचाही जीव निसर्गाभ्यासात रमणारा. पण या सगळ्यांपुढचा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नव्हताच. प्रश्न होता: या जंगलात साग आहे किती, आणि दर वर्षी किती तोडला तर तो संपणार नाही?

ब्रँडिस वनाधिकारी झाले ते या प्रश्नापाशी. बॉनमध्ये याचं उत्तर कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी ते शोधण्यासाठी काय केलं, ते जरा सावकाश सांगतो.

ते हत्तीवर बसून जंगलातून ठरावीक रेषांनी फिरले. डाव्या हातात बांबूचे चार तुकडे, उजव्या हातात चाकू. सागाच्या झाडांचे घेराप्रमाणे चार वर्ग केलेले. सहा फुटांहून जास्त घेराची झाडं पहिल्या वर्गात, मग उतरत्या क्रमाने पुढचे तीन वर्ग. वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या प्रत्येक सागासाठी त्या-त्या वर्गाच्या बांबूवर एक खाच. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजून वहीत उतरवायच्या. ओल्या जंगलात, हलत्या हत्तीवर कागद-पेन्सिल टिकत नाही, खाच टिकते. सगळं जंगल मोजणं शक्य नव्हतं, म्हणून रेषेलगतच्या पट्ट्यात जे सापडलं त्यावरून साऱ्या जंगलाचा अंदाज बांधायचा. आज तुम्ही नमुना पाहणी म्हणून जे शिकाल, त्याचंच हे साधं, कणखर रूप.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आलापल्लीत मला कार्य आयोजनेच्या, म्हणजे जंगलातल्या कामाच्या आराखड्याच्या, मोजणीवर पाठवलं होतं. आमच्याकडे हत्ती नव्हता, फीत आणि छापील तक्ते होते. पहिल्या दिवशी मी प्रत्येक झाडाजवळ थांबून पान बघत होतो. दुपारपर्यंत पाव कक्षही (कक्ष म्हणजे जंगलाचा आखलेला एक भाग) झाला नाही. सोबतच्या माडिया वनमजुराने मला पानाकडे बघणं थांबवायला लावलं. तो खोडाकडे बघून, कधी पायाखालच्या वाळलेल्या पानाच्या आवाजावरून झाड सांगायचा. चार दिवसांत माझेही डोळे तयार झाले. वर्गात झाड ओळखणं आणि चालता चालता तीनशे झाडं ओळखून त्यांचा घेर मनात लावणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं नसेल तर दुसरं येत नाही, पण पहिलं असलं म्हणून दुसरं आपोआप येतं असंही नाही.

नुसती संख्या मिळून भागत नाही, हे ब्रँडिस यांच्या कामातलं पुढचं पाऊल. एक साधं गणित घेऊ. आकडे समजण्यापुरते. एका खोऱ्यात पहिल्या वर्गाची २,४०० झाडं निघाली. दुसऱ्या वर्गातलं झाड वाढून पहिल्या वर्गात यायला २४ वर्षं लागतात असं धरू. मग दर वर्षी १०० झाडं तोडली तर २४ वर्षांनी जुनी सगळी संपतील आणि तोवर दुसऱ्या वर्गातली त्यांच्या जागी आलेली असतील. अट एकच: दुसऱ्या वर्गात निदान २,४०० झाडं असली पाहिजेत, आणि वाटेत मरणारी, वणव्यात जाणारी, पोकळ निघणारी धरून थोडी जास्तच. ती नसतील तर तोड कमी करायची. म्हणूनच चारही वर्ग मोजायचे. विकाऊ झाडं मोजणारा व्यापारी असतो. त्यांच्यामागची रांग मोजणारा वनाधिकारी.

आता यातला कळीचा आकडा कोणता? ती २४ वर्षं. झाड किती वेगाने जाड होतं हे कळल्याशिवाय बाकी सारं गणित पोकळ. आणि इथे वनस्पतिशास्त्र परत येतं. सागाच्या लाकडात दर वर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांची ओळ तयार होते, त्यामुळे त्याची वर्षवलयं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. थुट ताजं असेल तर सुरीने पृष्ठभाग साफ करून मध्यापासून सालीपर्यंत मोजता येतात. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत हे इतकं सरळ नसतं. ऐनाच्या थुटावर मी तासन्‌तास घालवले आहेत आणि खात्रीचं उत्तर मिळालेलं नाही. सागाच्या बाबतीत लाकडाची रचनाच मदतीला धावून आली. हे ओळखायला लाकूड आतून कसं घडतं ते माहीत असणारा माणूस लागतो. तुमच्या एम.एस्सी.त वनस्पतींच्या अंतर्रचनेचा पेपर असेलच. त्याकडे परीक्षेपुरतं बघू नका.

साग तोडायची तिथली रीतही त्यांना समजून घ्यावी लागली. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून आधी खोडाभोवती गोल खाच घेऊन झाड उभ्या उभ्याच मारायचं, दोन-तीन वर्षं वाळू द्यायचं, मग पाडून हत्तींनी ओढत ओढ्यापर्यंत न्यायचं आणि पावसाच्या लोंढ्यात सोडायचं. याचा अर्थ असा, की यंदा कोणत्या झाडांना खाच घ्यायची ते ठरवणारा माणूसच तीन वर्षांनंतरची तोड ठरवत असतो. ब्रँडिस यांनी तो निर्णय सरकारी देखरेखीत आणला आणि व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतला.

यातलं सगळ्यांत महत्त्वाचं शिक्षण मात्र त्यांना तिथल्या डोंगरी कॅरेन जमातीच्या लोकांकडून मिळालं, असं माझं ठाम मत आहे. कॅरेन डोंगरात फिरती शेती करत. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, एक-दोन वर्षं भात घ्यायचा, पुढे सरकायचं. ब्रह्मी भाषेत या डोंगरशेतीला 'टाँग्या' म्हणतात. आपल्याकडे कोकण-कर्नाटकात कुमरी किंवा दळी म्हणतात, ती याच जातीची. त्या काळचे बहुतेक अधिकारी फिरत्या शेतीला जंगलाचा शत्रू मानत. ब्रँडिस यांनाही तिची भीती होतीच. पण त्यांनी हेही पाहिलं, की जाळलेल्या, तणमुक्त जमिनीत सागाचं रोप जोमाने येतं आणि कॅरेन शेतकऱ्याइतकी चांगली निंदणी कुठलंच खातं करू शकणार नाही. मग शेतकऱ्याने भाताबरोबर सागही लावायचा, भात त्याचा, आणि जगलेल्या रोपांमागे सरकारने पैसे द्यायचे, अशी पद्धत पुढल्या काळात तिथे रुजली. ब्रह्मदेशातून ती जगभर गेली.

रोपवनात ज्यांनी काम केलंय त्यांना यातली मेख लगेच कळेल. रोप लावणं सोपं असतं. पहिली तीन वर्षं गवतापासून, वणव्यापासून आणि गुरांपासून ते जपणं, हेच खरं काम. जपणाऱ्याचा त्यात काही लाभ असेल तर रोप जगतं. मेळघाटात माझ्या हाताखालच्या दोन रोपवनांत हाच फरक मी पाहिला. माती तीच, पाऊस तोच, रोपवाटिकाही एकच. एकीकडे कोरकू कुटुंबांना आतलं गवत कापून न्यायची मुभा होती, दुसरीकडे नव्हती. दुसऱ्या रोपवनात तिसऱ्या वर्षी आग शिरली आणि विझवायला कुणी आलं नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, बॉनने त्यांना झाडाचं नाव पुराव्याने सांगायची सवय दिली, पेगूच्या जंगलाने मोजायला शिकवलं, थुटांनी काळाचं भान दिलं आणि कॅरेन लोकांनी माणसांसकट जंगल बघायला लावलं.

आता तुमच्या मधल्या शंकेकडे येतो: त्या काळी वनाधिकारी शिकत कुठे? ब्रँडिस यांच्या पिढीत भारतात तरी कुठेच नाही. ही पिढी बव्हंशी डॉक्टरांची होती. तेव्हाची औषधं वनस्पतींपासून येत, म्हणून वैद्यकीच्या अभ्यासात वनस्पतिशास्त्र असायचंच आणि कंपनीच्या नोकरीत झाडं ओळखणारा माणूस म्हणजे डॉक्टर. आपल्या मुंबई इलाख्याचंच बघा. अलेक्झांडर गिब्सन हे एडिनबरोत वैद्यकी शिकलेले. १८३८ पासून ते पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक होते, औषधी वनस्पतींची लागवड बघत. १८४७ मध्ये त्यांनाच मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक केलं. म्हणजे ब्रँडिस पेगूला पोचण्याच्या नऊ वर्षं आधी आपल्याकडे वनसंरक्षक हे पद होतं. ज्या दापोडीवरून आपण लोकलने जातो, तिथे एकेकाळी ही बाग होती, याचं मला अजून अप्रूप वाटतं. गिब्सन यांच्यानंतर निकोल डॅलझेल आले. या दोघांनी मिळून १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. मद्रासला ह्यू क्लेगहॉर्न हे तसेच डॉक्टर, १८५६ पासून वनसंरक्षक.

या सगळ्यांना झाडं माहीत होती. सरकारला मात्र आता रेल्वेचे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके, हवे होते. मैलभर रुळाला सतराशे-अठराशे स्लीपर लागत आणि तेही काही वर्षांनी कुजून बदलावे लागत. एवढी मागणी हौशी निसर्गप्रेमी डॉक्टरांच्या बळावर सांभाळता येणार नाही, हे ब्रँडिस यांनी ओळखलं. १८६४ मध्ये महानिरीक्षक झाल्यावर त्यांनी जर्मनीतून विल्यम श्लिश आणि बर्टोल्ड रिबेनट्रॉप यांच्यासारखे शिकलेले वनाधिकारी आणले. इंग्लंडमध्ये वनशास्त्राची शाळाच नव्हती, म्हणून १८६७ पासून निवडलेल्या इंग्रज तरुणांना फ्रान्समध्ये नान्सीला आणि जर्मनीत शिकायला पाठवायची व्यवस्था केली. १८७८ मध्ये डेहराडूनला वनविद्यालय सुरू झालं, मुख्यतः रेंजर घडवण्यासाठी, आणि तिथे भारतीय मुलांना शिरकाव मिळाला. १८८५ मध्ये इंग्लंडातल्या कूपर्स हिलला वनशास्त्राचा वर्ग निघाला, तो श्लिश यांच्या हाताखाली. मी चंद्रपूरला जे प्रशिक्षण घेतलं, त्याचा सांगाडाही डेहराडूनच्या त्या शाळेपर्यंत मागे नेता येतो: सकाळी जंगलात, दुपारी वर्गात, आणि वर्षातून लांबचे अभ्यासदौरे.

या दुसऱ्या पिढीतलं एक नाव तुमच्यासाठी मुद्दाम देतो. जेम्स सायक्स गँबल. ऑक्सफर्डचे, मग नान्सीत शिकून १८७१ मध्ये भारतीय वनखात्यात. म्हणजे ते आले वनशास्त्राच्या दारातून. पण नोकरी करता करता १८८१ मध्ये त्यांनी भारतीय लाकडांवरचा ग्रंथ लिहिला, पुढे डेहराडूनच्या शाळेचे प्रमुख झाले, आणि निवृत्तीनंतर मद्रास इलाख्याच्या वनस्पतींवर मोठं काम केलं. ब्रँडिस वनस्पतिशास्त्राकडून जंगलाकडे गेले, गँबल जंगलाकडून वनस्पतिशास्त्राकडे. त्यामुळे पदवी कोणती, ही चिंता तुम्ही सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही ज्या दारातून आलात त्याच्या पलीकडचं शिकायची तयारी आहे का, एवढंच बघायचं.

एक बाजू मात्र झाकून चालणार नाही, कारण तुम्ही ज्या खात्यात येणार आहात त्याच्या अंगावर तिचा वण आजही आहे. १८७८ च्या वन कायद्याआधी अधिकाऱ्यांत मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल यांचं म्हणणं होतं, की जंगल सरकारचं. गावकरी वापरतात ती सवलत, हक्क नव्हे. ब्रँडिस यांचा कल वेगळा होता. महत्त्वाची जंगलं सरकारने राखावीत, पण गावांचीही स्वतःची जंगलं असावीत, असं त्यांना वाटे. युरोपातली गावजंगलं त्यांनी पाहिली होती. कायदा झाला तो मुख्यतः बेडन-पॉवेल यांच्या बाजूला झुकलेला. ग्रामवनाचं प्रकरण त्यात आलं, पण ते बहुतांशी कागदावरच राहिलं. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्याला विरोध केला होता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गरीब शेतकऱ्याच्या शेरडांना डोंगर कसे बंद केले, ते लिहून ठेवलंय. ठाणे जिल्ह्यात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, झाडांची पानं तोडण्यावर बंधनं आली तेव्हा इतका असंतोष झाला, की मुंबई सरकारला १८८० च्या दशकात वन आयोग नेमावा लागला.

ब्रँडिस यांचा आदर करणारा माणूस म्हणून मला हे टोचतं. त्यांचा विचार उदार होता हे खरं, पण कायदा झाला तेव्हा खात्याचे प्रमुख तेच होते. मोजणीची, तोडीची, राखीव जंगलाची जी चौकट त्यांनी उभी केली तिच्यात गावकऱ्याला जागा राहिली नाही. शहापूर भागात मी असताना एका ठाकर म्हातारीने मला विचारलं होतं, "साहेब, ऐनाच्या फांद्या आमच्या आजाने छाटल्या, बापाने छाटल्या, झाड अजून उभं आहे. मग गुन्हा कशाचा?" मी तिला कलम सांगितलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर आणि विशेषतः गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर, २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं, तेव्हा मला त्या म्हातारीची आठवण झाली. तुम्ही परीक्षेसाठी १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २८ वाचाल. ते ग्रामवनाचं कलम आहे. ते वाचताना १८७८ चा वाद डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे ते नुसतं पाठ करावं लागणार नाही.

आता तुमची शेवटची ओळ. झाडं ओळखता येण्याचा उपयोग होतो का? माझ्या अनुभवातला एक प्रसंग सांगतो. एका कूपाच्या मार्किंग यादीत आडजातीच्या (सागाखेरीज इतर) झाडांपुढे बऱ्याच ठिकाणी 'सादडा' लिहिलेलं होतं. सादडा हे नाव कुठे ऐनाला वापरतात, कुठे अर्जुनाला. यादी करणारा एका भागातून आलेला, तपासणारा दुसऱ्या. कागदावर दोघांनाही काही खटकलं नाही. मी जागेवर गेलो तर ओढ्याच्या काठची दहा-बारा पांढुरकी, गुळगुळीत खोडाची झाडं तोडीच्या खुणा घेऊन उभी होती. ती सगळी अर्जुनाची. ओढ्याचा काठ त्यांनीच धरून ठेवलेला. यादीत ऐन समजून आलेली झाडं आम्ही वगळली आणि पंचनामा करून खुणा रद्द केल्या. अर्ध्या तासाचं काम. पण ओळखणारं कुणी तिथे पोचलं नसतं तर पुढच्या दोन पावसांत काठ ढासळला असता.

म्हणून माझं उत्तर: उपयोग होतो, रोज होतो, पण जागेवर जाणाऱ्यालाच होतो. नेमणूक कार्यालयात झाली तर ही विद्या गंजू शकते. तेव्हा महिन्यातले ठरावीक दिवस फिरतीला ठेवायचा नियम स्वतःच करावा लागतो. आणि नाव सांगणाऱ्या स्थानिक माणसाचं नाव आपल्या वहीत लिहायला विसरू नका. ब्रँडिस यांच्या काय किंवा मुंबई इलाख्यातले वनाधिकारी टॅल्बट यांच्या काय, त्या काळच्या वनग्रंथांत प्रत्येक झाडापुढे स्थानिक नावं दिलेली आहेत. ती कुणीतरी चालता चालता सांगितली होती. सांगणाऱ्यांची नावं मात्र त्या पानांवर आली नाहीत.

काय वाचावं, असंही तुम्ही विचारलंय. ब्रँडिस यांनी १८७४ मध्ये वायव्य आणि मध्य भारताच्या वनवृक्षांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो सुरू केला होता जॉन लिंडसे स्टुअर्ट यांनी. त्यांचं १८७३ मध्ये निधन झालं आणि ब्रँडिस यांनी लंडनजवळच्या क्यू वनस्पती-उद्यानातल्या नमुन्यांच्या आधारे तो पुरा केला. १८८३ मध्ये ते निवृत्त झाले, तरी पुढे इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांना युरोपातल्या जंगलांत घेऊन फिरत राहिले. अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचॉट हेही तरुणपणी त्यांच्याकडे मार्गदर्शनाला गेले होते. भारतीय वृक्षांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये आला, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी बॉनमध्ये त्यांचं निधन झालं.

हे ग्रंथ आता मोफत वाचायला मिळतात, पण सुरुवात त्यांनी करू नका. आपल्या भागासाठी डब्ल्यू. ए. टॅल्बट यांचा मुंबई इलाखा आणि सिंधच्या वनवृक्षांवरचा दोन खंडांचा ग्रंथ घ्या, १९०९ ते १९११ मधला. ते स्वतः इथले वनाधिकारी होते, मराठी नावंही देतात. लॅटिन नावं बरीच बदलली आहेत, ती आजच्या नावांशी ताडून वहीत लिहा. मग घराजवळच्या डोंगरावर एकच हेक्टर आखा, त्यातलं प्रत्येक झाड ओळखा, छातीच्या उंचीवर घेर मोजा आणि वर्ग पाडा. मोठी कमी आणि लहान जास्त निघतात का, की मधला एखादा वर्गच गायब आहे, ते बघा. गायब असेल तर त्या वयाची झाडं रोपं होती तेव्हा तिथे काय घडलं असेल, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. हिवाळ्यात जा. तेव्हा ऐनाची फळं झाडावर असतात. ऐन आणि अर्जुन, दोघांच्याही फळांना पाच पंख असतात, पण ऐनाचे रुंद असतात. हातात घेऊन एकदा बघितलंत की सादडा या नावाने तुमची फसगत होणार नाही. पहिल्या मोजणीचे आकडे आले की मला कळवा, आपण ते एकत्र बसून बघू.